‘५ मिरी नागाई’ म्हणजे किती? जपानी तुलनेच्या धड्यात काय राहून जातं

जपानमध्ये पीएचडीला यायचं ठरवलेली मुलंमुली मला हमखास विचारतात, "ताई, भाषा किती यायला हवी?" माझं ठरलेलं उत्तर असतं की लॅबमध्ये इंग्रजीवर निभावतं, पण थोडी जपानी येत असेल तर दिवस सोपे जातात. हल्ली हे उत्तर देताना मला जरा अडखळायला होतं. ज्याला भाषा अजिबात येत नाही तो प्रत्येक चिठ्ठी कुणाकडून तरी वाचून घेतो. ज्याला थोडी येते तो स्वतः वाचतो, आणि आपल्याला समजलं असं धरून चालतो. मी या दुसऱ्या गटातली. म्हणून आज व्याकरणाच्या एकाच धड्याबद्दल लिहिणार आहे, तुलनेच्या. तो धडा मी नीट शिकले होते, परीक्षेत त्यावरचे सगळे प्रश्न बरोबर आले होते, आणि तरीही त्यानेच मला तोंडघशी पाडलं.

आधी काय झालं ते सांगते. आमच्याकडे पॉलिमरच्या पातळ पट्ट्या यंत्रात धरून ताणतात. पट्टी किती मिलिमीटर वाढली याला मूळ लांबीने भागलं की स्ट्रेन मिळतो, बारावीच्या फिजिक्समधलंच गणित. एक मापनमालिका माझ्या सेनपाईंनी, म्हणजे वरच्या वर्षाच्या विद्यार्थ्याने, घेऊन ठेवली होती. आकडे काढायचं काम माझ्याकडे आलं. फाइलसोबत एका ओळीची चिठ्ठी होती: ‘कोन्काई नो शिर्योऽ वा ५ मिरी नागाई’. (जपानीतला लांब ‘ओ’ दाखवायला मी अवग्रह वापरते आहे.) कोन्काई म्हणजे या खेपेचा, शिर्योऽ म्हणजे नमुना, मिरी म्हणजे मिलिमीटर, नागाई म्हणजे लांब. मी वाचलं, "या खेपेचा नमुना ५ मिलिमीटर लांब आहे." मूळ लांबीच्या रकान्यात ५ टाकलं. पट्टी ३ मिलिमीटर वाढली होती, म्हणजे स्ट्रेन ६० टक्के. एरवी आमच्या पट्ट्यांचा २० टक्क्यांच्या आसपास येतो. तिप्पट! नव्या मिश्रणाने कमाल केली म्हणून मी आठवड्याच्या बैठकीत रंगीत आलेख घेऊन उभी राहिले.

सेनपाई बराच वेळ आलेखाकडे बघत होते. मग हळू आवाजात त्यांनी विचारलं, "मोतो नो नागासा वा?" मूळ लांबी किती धरली?

आमची नेहमीची पट्टी १० मिलिमीटरची. चिठ्ठीचा अर्थ होता, "या खेपेचे नमुने ५ मिलिमीटरने जास्त लांब आहेत." म्हणजे १५. तीन भागिले पंधरा, २० टक्के. कमाल वगैरे काही नव्हती.

चूक माझीच, त्यात वाद नाही. पट्टी डोळ्यांनी बघितली असती किंवा एक प्रश्न विचारला असता तरी ती टळली असती. पण खोलीवर येऊन मी पाठ्यपुस्तक उघडलं आणि तुलनेचा धडा पहिल्यापासून पुन्हा वाचला. माझ्या चुकीचं उत्तर त्या धड्यात कुठेच नव्हतं. जे होतं ते सगळं मला येत होतं.

धडा म्हणजे ‘मिन्ना नो निहोंगो’च्या पहिल्या भागातला बारावा. तुमच्यापैकी बहुतेकांचा क्लास हेच पुस्तक चालवत असेल. ‘गेन्की’ वापरत असाल तर तिथे हा विषय दहाव्या धड्यात येतो. बाराव्या धड्यात मुख्य साचे तीन. पहिला, ‘अ वा ब योरी...’, अ हा ब पेक्षा अमुक. दुसरा, दोन गोष्टींत ‘दोचिरा’, म्हणजे कोणती, असं विचारणं आणि ‘अ नो होऽ गा...’ असं उत्तर देणं. तिसरा, अनेकांत ‘इचिबान’, सर्वांत. बुलेट ट्रेन बसपेक्षा वेगवान आहे: ‘शिन्कान्सेन वा बासु योरी हायाई देस’. ऋतूंपैकी कुठला सर्वांत आवडतो, दोन खेळांपैकी कुठला जास्त मजेचा, असा सराव. पुस्तकाची बाजू आधी घेते. क्रम चांगला आहे, सराव भरपूर आहे, आणि हा धडा झाल्यावर माणूस दुकानात जाऊन "यापेक्षा स्वस्त आहे का" एवढं नक्की विचारू शकतो. नवशिक्यासाठी हे थोडं नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. धडा तुलनेला शर्यतीसारखं शिकवतो. कोण पुढे, कोण मागे, कोण पहिला. निकाल सांगता आला की धडा संपला. पण तुलना म्हणजे कुठल्यातरी ठिकाणापासून मोजणं. ते ठिकाण कोणतं, ते वाक्यात लिहिलंय की गृहीत धरलंय, आणि त्या ठिकाणाबद्दल वाक्य गुपचूप आणखी काय सांगतं, हे धड्यात येत नाही. दुकानात त्याने बिघडत नाही. संशोधनात मात्र आपलं सगळं काम त्या ठिकाणावरच चालतं. आपण त्याला कंट्रोल म्हणतो, बेसलाइन म्हणतो, रेफरन्स म्हणतो.

गंमत म्हणजे ही गोष्ट ‘योरी’ या शब्दातच दडलेली आहे, आणि मराठी माणसाला ती दिसायला सर्वांत सोपी. योरीचा दुसरा अर्थ ‘पासून, कडून’. पत्राच्या शेवटी ‘हाहा योरी’ लिहिलं तर ‘आईकडून’. औपचारिक सूचनेत ‘९-जी योरी’ असेल तर ‘नऊपासून’. आता आपला ‘हून’ घ्या. "पुण्याहून आले" आणि "याहून मोठं". तोच प्रत्यय, एकदा निघण्याची जागा दाखवतो आणि एकदा तुलनेची. अगदी योरीसारखाच. हा योगायोग म्हणावा तर फार भाषांत घडलेला आहे. लिऑन स्टासेन यांनी जगभरातल्या १६७ भाषा तपासल्या, त्यांतल्या ७८ भाषा तुलनेचा आधार अशा जागादर्शक रूपानेच दाखवतात: ‘अमक्यापासून’, ‘अमक्यावर’, ‘अमक्याकडे’. शिवाय विशेषणाला काही चिकटवावं लागत नाही. आपण "उंच" आणि "त्याच्याहून उंच" म्हणतो, जपानी ‘ताकाई’ आणि ‘योरी ताकाई’ म्हणतात. उंच तसाच राहतो, ताकाई तसाच राहतो.

इतकं सरळ असताना माझ्या क्लासमध्ये (पुण्यातला, नाव राहू द्या) योरी शिकवला तो इंग्रजीतून. फळ्यावर ‘मोअर’ आणि ‘दॅन’ लिहून. वर्गातली जवळजवळ सगळी मुलं मराठी, बाईही मराठी. परिणाम असा की आम्ही प्रत्येक वाक्यात ‘मोअर’साठी काहीतरी जपानी शोधत बसायचो आणि हाताशी यायचा ‘मोत्तो’. ‘अ वा ब योरी मोत्तो त्सुयोई’. त्सुयोई म्हणजे मजबूत. बाई खोडायच्या नाहीत, कारण वाक्य व्याकरणात बसतं. पण त्याचा अर्थ "अ हा ब पेक्षा मजबूत" एवढाच राहत नाही. मोत्तो आला की ब हा आधीच मजबूत आहे असं ऐकणाऱ्याला वाटतं. मराठीत एका अक्षराने हे होतं: "बपेक्षाही मजबूत". तो ‘ही’ म्हणजे मोत्तो. नुसता फरक मोठा आहे एवढंच म्हणायचं असेल, "बपेक्षा कितीतरी मजबूत", तर शब्द ‘झुत्तो’. झुत्तो बाराव्या धड्याच्या शब्दयादीत आहे. पण मोत्तोशी त्याचं काय नातं, हे मला कुणी सांगितलं नाही. दोन लिबलिबीत नमुन्यांची तुलना करताना मोत्तो वापरलात तर समोरचा विचारेल, पहिला मजबूत होता असं कधी ठरलं?

हाच प्रकार नकारात. "आज कालपेक्षा गरम नाही" हे मराठीत चालून जातं, म्हणून आपण योरीला नकार जोडून मोकळे होतो. ते कानाला खटकतं. इथे जपानी माणूस ‘होदो’ वापरतो: ‘क्योऽ वा किनोऽ होदो आत्सुकुनाई’. होदो म्हणजे आपलं ‘इतकं’. आज कालइतकं गरम नाही. आता दोन्ही भाषांत बघा, "कालइतकं गरम नाही" म्हणताना काल गरम होतं हे आपण न बोलता सांगून टाकतो. ‘आमचा उत्प्रेरक त्यांच्याइतका वेगवान नाही’ या वाक्यात त्यांच्या उत्प्रेरकाला वेगवान असल्याचं प्रमाणपत्र मिळून जातं. दोन्ही मंद असतील तर हे वाक्य दिशाभूल करतं. होदोचा बाराव्या धड्यात पत्ता नाही. नवशिक्यांवर भार नको म्हणून ठेवला नसेल, हे मी समजू शकते. पण मग नकारात योरी नको, एवढी एक ओळ तरी?

‘नो होऽ गा’बद्दल थोडक्यात. होऽ म्हणजे दिशा, बाजू. दोनांतल्या एका बाजूला बोट दाखवणं. कोणी "कोणतं जास्त?" विचारलं तर उत्तर होऽने द्यावं, योरीने दिलं तर चुकत नाही पण प्रश्न न ऐकता भाषण केल्यासारखं वाटतं. मराठीत आपण अशा वेळी ‘च’ लावतो, "फुटबॉलच जास्त आवडतो". याच होऽपासून सल्ल्याचं रूप होतं आणि ते पुस्तकात थेट बत्तिसाव्या धड्यात भेटतं: ‘इत्ता होऽ गा ईई’. आमच्या वर्गात सगळ्यांचा एकच प्रश्न होता, उद्याच्या कामाचा सल्ला आणि क्रियापद भूतकाळी का? इंग्रजीतून याचं स्पष्टीकरण देता देता पंधरा मिनिटं गेली होती. मराठीत एक सेकंद लागतो. "गेलेलं बरं." आपणही तेच करतो की! नकाराला ‘इकानाई होऽ गा ईई’, "न गेलेलं बरं". (वरिष्ठांना हे रूप जपून वापरा. "नाहीतर बघा हं" असा सूर त्यात येऊ शकतो.)

आता माझ्या ५ मिलिमीटरकडे परत.

मराठीत "पट्टी ५ मिलिमीटर लांब आहे" म्हणजे पट्टीची लांबी ५ मिलिमीटर. फरक सांगायचा असेल तर आपण ‘ने’ लावतो, "५ मिलिमीटरने लांब". इंग्रजीतही मूळ विशेषणाआधी माप ठेवलं की ती पूर्ण लांबीच होते. जपानीत आकडा सरळ ‘नागाई’ किंवा ‘ताकाई’ला टेकवला की तो फरक धरला जातो, योरी वाक्यात असो वा नसो. ‘५ मिरी नागाई’ म्हणजे कशापासून तरी ५ मिलिमीटर जास्त. कशापासून, ते संदर्भावरून समजून घ्यायचं. पूर्ण लांबी सांगायची असेल तर नाम वापरून ‘नागासा वा ५ मिरी’, लांबी ५ मिलिमीटर, असं म्हणतात. थोडक्यात, आपण जो फरक ‘ने’ने दाखवतो तो ते विशेषण की नाम यावर दाखवतात. माझ्या सेनपाईंच्या चिठ्ठीत संदिग्ध असं काही नव्हतंच. त्यांच्या दृष्टीने ‘नेहमीपेक्षा’ हा शब्द लिहायची गरज नव्हती, लॅबमध्ये सगळ्यांना नेहमीची पट्टी माहीत आहे.

यावर भाषाशास्त्रात रीतसर वाद झालेला आहे हे मला नंतर कळलं, आणि पदार्थविज्ञानाची विद्यार्थिनी असून मी ते पेपर वाचत बसले. झिग्रिड बेक, तोशिको ओदा आणि कोजी सुगिसाकी यांनी २००४ मध्ये इंग्रजी आणि जपानी तुलनेवर एक लेख लिहिला. त्यांचं म्हणणं सोप्या शब्दांत असं: इंग्रजी तुलना दोन मापं वाक्यरचनेतच समोरासमोर मांडते. जपानीतला योरीचा तुकडा मात्र "अमक्याच्या तुलनेत बघता" असा नुसता संदर्भ उभा करतो, आणि कोणत्या मापापासून मोजायचं ते ऐकणारा त्या संदर्भातून काढतो. त्यांचा एक पुरावा मजेशीर आहे. ‘कोणीच विकत घेतलं नाही त्यापेक्षा महाग पुस्तक त्याने घेतलं’ या धर्तीचं वाक्य इंग्रजीत मोडतं, कारण ‘कोणीच न घेतलेली किंमत’ असं माप काढता येत नाही. जपानीत ते चालतं, ऐकणारा ‘कोणी न घेतलेलं पुस्तक’ असा अर्थ घेतो. मी वर मराठीत लिहिलेलं वाक्य पुन्हा वाचा. चाललं ना? मला तरी चालतं. आपल्या ‘पेक्षा’च्या मागेही ‘अपेक्षा’ आहे, म्हणजे ‘अमक्याकडे बघता’. या लेखाला हायाशिशिता यांनी २००९ मध्ये त्याच नियतकालिकात उत्तर दिलं. जपानी तुलनांना सरसकट असं म्हणता येणार नाही, हा त्यांचा आक्षेप. कोण बरोबर ते ठरवायचा अधिकार माझा नाही. मला त्यातून एवढं मिळालं की माझी चूक शब्दार्थाची नव्हती. मोजायची सुरुवात कुठून, हे वाक्यात लिहिलेलं असणारच असं मी धरून चालले होते.

पेपर वाचायची वेळ येईल तेव्हा योरी आणखी एका रूपात भेटेल आणि तिथे बाराव्या धड्याची सवय उलट आड येते. ‘योरी ताकाई ओन्दो दे’. धड्याने शिकवलेलं असतं की योरीच्या आधी एक नाम असतं, त्याच्याशी तुलना. इथे आधी काहीच नाही. विद्यार्थी मागच्या ओळीत नाम शोधत बसतो आणि हाती लागेल ते जोडून देतो. खरं तर हा योरी विशेषणाच्या पुढे लागणारा वेगळा, लिखित भाषेतला शब्द आहे. पाश्चात्त्य भाषांची भाषांतरं करताना तो रूढ झाला. अर्थ फक्त ‘अधिक उंच तापमानाला’. कशाहून अधिक, ते पुन्हा लेखाच्या संदर्भात. बोलताना हा फारसा ऐकू येत नाही, म्हणून क्लासमध्ये येतच नाही. पेपरात मात्र पानापानावर असतो. ‘नि कुराबेते’, ‘च्या तुलनेत’, हाही असाच. तो निदान अर्थाने सरळ आहे.

आणि एक, जे तुलनेच्या धड्यात हवं होतं पण सगळीकडे आकड्यांच्या शब्दांत टाकून दिलेलं असतं: ‘इजोऽ’, ‘इका’ आणि ‘मिमान’. ‘५ इजोऽ’ म्हणजे पाच किंवा त्याहून जास्त, पाच धरून. ‘५ इका’ म्हणजे पाच किंवा कमी, तेही पाच धरून. पाच वगळायचं असेल तर खालच्या बाजूला ‘५ मिमान’ आणि वरच्या बाजूला ‘५ योरी’ मोठा. आपण बोलताना "पाचच्या वर", "पाचच्या खाली" म्हणतो आणि पाच आत की बाहेर याची फिकीर करत नाही. शब्दकोशात इजोऽपुढे ‘पेक्षा जास्त’ एवढंच वाचून मी एकदा गाळणीच्या पायरीत सीमेवरचे नमुने वगळले होते. त्या वेळी कुणाच्या लक्षात यायच्या आधी मीच दुरुस्त केलं, म्हणून त्याची गोष्ट झाली नाही.

तर मग मराठीतून शिकलं की सगळं सुटतं का? नाही. हूनमुळे योरी कळतो, ‘ही’मुळे मोत्तो, ‘इतकं’मुळे होदो, ‘गेलेलं बरं’मुळे ते विचित्र भूतकाळी रूप. एवढं फुकट मिळत असताना इंग्रजीचा वळसा घेणं मला खरंच पटत नाही. पण मला जिथे ठेच लागली तिथे मराठीही इंग्रजीइतकीच कुचकामी होती. ‘ने’ नाही म्हणून मी पूर्ण लांबी धरली, अगदी मराठी कानाने. शिक्षकाने तिथे थांबून "इथे तुमची भाषा तुम्हाला फसवेल" असं सांगायला हवं, आणि ते सांगायला त्याला दोन्ही भाषा शेजारी ठेवून बघाव्या लागतील. इंग्रजी टिपांचं पुस्तक पुढे सरकवून ते होणार नाही.

तुम्ही सध्या बाराव्या धड्यावर असाल तर एक करून बघा. सरावातलं प्रत्येक वाक्य झालं की वहीत शेजारी लिहा: कशापासून मोजलं, आणि ते वाक्यात आहे की माझ्या डोक्यात. पहिले दहा-बारा वेळा कंटाळा येईल, कारण पुस्तकातल्या वाक्यांत ते नेहमी लिहिलेलंच असतं. मग एखाद्या जपानी दुकानाची जाहिरात घ्या किंवा हवामानाचा अंदाज. ‘उद्या ३ अंश जास्त’ अशा अर्थाचं वाक्य दिसेल आणि ‘कशापेक्षा’ ते दिसणार नाही.

आमच्या लॅबमध्ये त्या बैठकीनंतर एक बदल झाला. सेनपाई आता चिठ्ठीत ‘१०+५=१५’ असं लिहितात. माझ्यासाठीच लिहितात हे मला माहीत आहे, पण मागच्या महिन्यात आलेल्या नव्या जपानी विद्यार्थ्यानेही तसंच लिहायला सुरुवात केली. त्याला वाटतं ही लॅबची जुनी पद्धत आहे.